सातविणीखालचं दार

सातवीण पुन्हा फुलली आहे. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत तिची तीन झाडं आहेत. संध्याकाळ झाली की त्यांचा तो जड, गोडसर, डोक्यात जाऊन बसणारा वास आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. काही लोकांना तो आवडतो. शेजारच्या स्मिताला आवडतो. ती बाल्कनीत खुर्ची टाकून बसते आणि मला हाक मारून म्हणते, "काय सुगंध आहे गं!" मी खिडकी लावून घेते. मला तो आवडत नाही. पूर्वी आवडायचा की नाही हे आता आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते मी लिहिणार नाही.

ऑक्टोबर आला की पाऊस गेला असं सगळे म्हणतात, पण भिंतींना ते कोणी कळवलेलं नसतं. कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी असते, पुस्तकांची पानं मऊ पडलेली असतात. गच्चीवर गाद्या वाळत पडतात आणि त्यांच्यातून पावसाळाभर मुरलेला कुबट वास वर येतो. दुपारी बाराला रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं. मग एकेका खिडकीतून एसी सुरू होतात, आणि चार महिने बंद असल्यामुळे निम्मे सुरू होतच नाहीत. कुणाचा गळतो, कुणाचा नुसता वारा फेकतो, कुणाच्या पोटात कबुतरांनी घर केलेलं असतं. या महिन्यात मुलुंडमध्ये एसीवाल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त मान असतो. पूर्वी आमच्या सोसायटीचा एसीवाला होता माझा धाकटा भाऊ, विजू.

हा लेख त्याला विचारून लिहिते आहे. मी म्हटलं, "नाव बदलते." तो म्हणाला, "कशाला? कर्णिककाकांना माहीत आहे, वॉचमनला माहीत आहे, इस्त्रीवाल्याला माहीत आहे. वाचणाऱ्यांनाच काय झालंय?"

माझं काम वजनकाटे तपासण्याचं आहे. दुकानांतले, कारखान्यांतले, औषधांच्या गोदामांतले काटे आमच्याकडे येतात आणि ते बरोबर दाखवतात की नाही हे आम्ही पाहतो. या कामाने माणसाला एक वाईट खोड लागते. कोणी काही सांगितलं की तोंडातून पहिल्यांदा "किती?" येतं, आणि मग "कोणी मोजलं?" लग्नाच्या जेवणात, नातेवाइकांच्या गप्पांत ही खोड कोणाला आवडत नाही. सोसायटीच्या सभेत तर अजिबातच नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात मी हे दोन प्रश्न इतक्या वेळा विचारले की लोक मला पाहून लिफ्टचं दार लावू लागले.

सोसायटीच्या तळमजल्यावर दुकानांचे गाळे आहेत. त्यांतल्या शेवटच्या गाळ्याचं मागचं दार गल्लीत, बरोबर सातविणीखाली उघडायचं. तिथे एक केंद्र सुरू झालं होतं. पाटी लहान होती आणि तिच्यावर 'समुपदेशन व आरोग्य केंद्र' एवढंच लिहिलेलं होतं. आत एक बाकडं, पाण्याचा पिंप, पंखा, आणि पडद्यामागे तपासणीची जागा. सुईने नशा करणारी माणसं तिथे यायची. कोणाला नवी सुई मिळायची आणि वापरलेली परत घेतली जायची. कोणाची एचआयव्हीची तपासणी व्हायची, आणि निघालाच तर औषध सुरू होईपर्यंत कोणीतरी हाताला धरून न्यायचं. निरोधची खोकी उघडी ठेवलेली असायची, मागावी लागायची नाहीत. आणि ज्यांना सुई सोडायची होती त्यांना गर्दऐवजी सरकारी औषधाची गोळी मिळायची, रोज, सिस्टरच्या समोर. त्या गोळीने अंग मोडून येत नाही, उलट्या होत नाहीत, आणि माणूस दिवसभर माणसासारखा काम करू शकतो. पण ती रोज घ्यावी लागते आणि घरी न्यायला मिळत नाही. निदान तिथे मिळत नव्हती.

विजू त्या गोळीवर होता.

तो गर्दकडे कसा गेला, घरी काय होतं, वडील गिरणीतून घरी बसले म्हणून का, संगत कोणती, हे मी लिहिणार नाही. माणसं हे फार चवीने विचारतात. त्यांना कारण हवं असतं, कारण ते सापडलं की ते आपल्या घरात नाही अशी खात्री करून घेता येते. मी एवढंच लिहीन की तो बरीच वर्षं सुई घेत होता, दोनदा घरच्यांनी त्याला पैसे भरून कुठे कुठे डांबलं, दोन्ही वेळा तो बाहेर येऊन पुन्हा सुरू झाला, आणि सातविणीखालच्या त्या दारात जायला लागल्यावर थांबला. त्याला कोणी उपदेश केला नाही. सिस्टर फक्त म्हणायची, "आलास? बस."

केंद्र आठाला उघडायचं. नवाला विजू कोणाच्या तरी खिडकीबाहेर लटकलेला असायचा. त्याला काम करताना पाहायला मला आवडतं. जाळी काढून बाथरूममध्ये नेतो, जुन्या ब्रशने घासतो, काळं पाणी वाहतं, आणि मग तो ती उजेडासमोर धरून एक डोळा मिटतो. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यातही त्याचा शर्ट पूर्ण बाह्यांचा, मनगटाला बटण लावलेलं. कर्णिककाका, म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, त्याला नेहमी विचारायचे, "अरे विजू, उकडत नाही का तुला?" आणि तो म्हणायचा, "सवय आहे काका. गॅस थोडा कमी झालाय तुमचा." कर्णिककाकू त्याला कोकम सरबत द्यायच्या, त्यांच्याच पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात. ती खिडकी, तो ग्लास, तो थंड होत जाणारा हॉल. वरच्या मजल्यावर सगळ्यांचा लाडका विजू, आणि तळमजल्यावर त्याच विजूसाठी उघडं असलेलं एक दार. दोन्हींच्या मध्ये फक्त चार जिने होते.

मग फोटो आला.

केंद्रातर्फे प्रकाश नावाचा एक माणूस सकाळी गल्लीतून, नाल्याच्या कडेने आणि पुलाखालून फिरायचा आणि पडलेल्या सुया गोळा करायचा. स्वतः कधीकाळी तिथेच बसणारा, त्यामुळे कुठे पाहायचं ते त्याला ठाऊक. हातात जाड मोजे, एक लांब चिमटा आणि झाकणाचा डबा. स्मिताने बाल्कनीतून त्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा हे. भल्या सकाळी आपल्या कंपाऊंडशेजारी सुया टाकताना. आपली मुलं इथे खेळतात.'

संतापाचे लाल चेहरे धडाधड पडू लागले. कोणी लिहिलं की इथे रोज शेकडो गर्दुल्ले येतात. मी लिहिलं, 'शेकडो कोणी मोजले?' कोणी लिहिलं, तीन मुलांना सुया टोचल्या आहेत. मी लिहिलं, 'कोणाची मुलं? कुठल्या डॉक्टरकडे नेली?' मग मी लिहिलं, 'फोटोतल्या माणसाच्या हातात चिमटा आहे. सुई टाकायला चिमटा लागत नाही. तो उचलतो आहे.'

त्यावर कर्णिककाकांनी दोन जोडलेले हात टाकले आणि लिहिलं, 'मॅडम, या विषयात आपण सगळे एक आहोत.'

मी स्मिताकडे गेले. आम्ही एकाच वर्षी इथे राहायला आलो, एकमेकींच्या घरात चप्पल काढून न विचारता शिरतो.

"स्मिता, तो फोटो काढून टाक. तो सुया उचलत होता."

"हो का? मग सुया आल्या कुठून? केंद्र आहे म्हणूनच ना?"

"केंद्र यायच्या आधीही नाल्यावर सुया होत्या. तेव्हा तू बाल्कनीत उभी राहत नव्हतीस."

"तुला काय गं एवढा पुळका? तुझं कोण आहे तिथे?"

विजू आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, "ताई, माझं नाव घेऊ नकोस हां. सीझन आहे. चार पैसे मिळतात, आणि मला लोकांच्या घरात जायचं असतं. दार उघडताना त्यांचा चेहरा बदलला ना, की माझी वाट लागली." म्हणून मी स्मिताला म्हटलं, "माझं कोणी नाही. चिमटा आहे." ती हसली. तिला वाटलं, मी विनोद केला.

नवरात्रात कंपाऊंडमध्ये मांडव असतो. आरतीपूर्वी त्याच मांडवात खास सभा बोलावली. लाल-पिवळे पडदे, उदबत्ती, प्लास्टिकच्या खुर्च्या, वरून सातविणीचा वास, आणि देवीसमोर बसून माणसं काय बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं.

"आमचा अशा कामाला विरोध नाही," कर्णिककाका म्हणाले. "समाजकार्य आहे. पण इथे नको."

"मग कुठे?" मी विचारलं.

"गोवंडीला वगैरे असतात ना अशी केंद्रं. तिकडे ती वस्तीच आहे."

"कसली वस्ती?"

"मॅडम, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय."

"नाही कळत. मुलुंडमधली माणसं मुलुंडमध्ये सुई घेतात. नाला मुलुंडचा, पूल मुलुंडचा. डम्पिंग ग्राउंड तिकडे आहे म्हणून माणसंही तिकडेच टाकायची का?"

कोणीतरी मागून म्हणालं, "बास ना आता, आरतीला उशीर होतोय." एक निवृत्त बँक अधिकारी उठले आणि म्हणाले की नव्या सुया फुकट वाटणं म्हणजे नशेला उत्तेजन. मी त्यांना विचारलं, "गेल्या वर्षी तुम्ही आग्रह करून गच्चीला उंच कठडा बांधून घेतलात. त्यामुळे गच्चीवरून वाकायला कोणाला उत्तेजन मिळालं का?" ते म्हणाले, हे वेगळं. मी म्हटलं, कसं वेगळं ते सांगा. ते म्हणाले, तुम्ही वाद घालता.

हो, घालते. घालायलाच हवा होता. बाकीच्यांनी घातला नाही. त्या मांडवात दोन डॉक्टर बसले होते. दोघांनाही ठाऊक होतं की सुई एकाची दुसऱ्याने वापरली की एचआयव्ही रक्तातून रक्तात थेट जातो, की नव्या सुईने हे थांबतं, की आजार गल्लीतून चालत येऊन लिफ्टने वर चढत नाही. दोघांनी मोबाइलमध्ये मान घातली. दवाखान्यात रोगी असतो तेव्हा फीसाठी शहाणपण असतं, समोर शेजारी बसले की ते संपतं. या लोकांवर माझा राग अजून आहे, आणि वय वाढलं म्हणून तो कमी होईल असं मला दिसत नाही.

हात वर करून ठराव झाला. सोसायटीला गाळा बंद करायचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी जे हातात होतं ते केलं. मागच्या गल्लीत पांढरा प्रखर दिवा लावला. केंद्राच्या दाराकडे तोंड करून कॅमेरा बसवला. त्या कॅमेऱ्याचं चित्र ग्रुपवर कोणालाही पाहता येईल अशी सोय केली. त्याला नाव दिलं, सुरक्षा. आता ज्याला त्या दारात जायचं असेल त्याने आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमधून जायचं.

येणारे कमी झाले. मी मोजले नाहीत, पण बाकडं रिकामं दिसू लागलं. जे येत नव्हते ते सुई घ्यायचे थांबले नव्हते, फक्त नवी सुई घ्यायचे थांबले होते. प्रकाशला गल्लीत फिरायला बंदी झाली, म्हणून सुया उचलणारं कोणी उरलं नाही. दिवाळी यायच्या आत पंपाच्या खोलीमागे सुया सापडल्या, सोसायटीच्या कुंपणाच्या आत. पूर्वी तिथे मी कधीच पाहिल्या नव्हत्या. त्याचाही फोटो ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'पाहा, केंद्र बंद करणं किती गरजेचं आहे.'

सुया उचलणाऱ्याला हाकलून द्यायचं, सुया साठल्या की त्याच्याच नावाने ओरडायचं, आणि मग त्याला हाकलल्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन करायचं. ही सगळी शिकलेली माणसं आहेत. प्रत्येकाच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे.

कॅमेऱ्यात विजू दिसला तो एका सोमवारी. स्मिताचा फोन आला. तिचा आवाज खाली गेला होता, कोणी वारल्यावर जातो तसा.

"अगं, तो तुझा भाऊ ना? पूर्ण बाह्यांचा शर्ट? आत चालला होता."

"हो."

"एसी दुरुस्त करायला गेला असेल ना?"

तिने मला एक दार उघडून दिलं होतं. चांगल्या मनाने दिलं होतं, हे मी मान्य करते. त्या केंद्रात एसी नव्हता, पंखा होता.

"नाही," मी म्हटलं. "गोळी घ्यायला. रोज जातो."

त्यानंतर आमच्या सोसायटीतून विजूला फोन येणं थांबलं. कोणी भांडलं नाही, कोणी अपमान केला नाही. कर्णिककाकूंनी दुसऱ्या एका माणसाला बोलावलं आणि त्याने एसी बिघडवून ठेवला, हे मला मोलकरणीकडून कळलं. मला आनंद झाला. तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

गाळेवाल्याने भाडेकरार वाढवला नाही. एका सकाळी टेम्पो आला. बाकडं, पिंप, पंखा, निरोधची खोकी त्यात चढली. दाराला कुलूप लागलं, पाटी निघाली आणि तिच्या जागी भिंतीचा जुना, फिकट निळा चौकोन उघडा पडला. वर सातवीण फुलून बसली होती आणि टेम्पोच्या ताडपत्रीवर तिची हिरवट पांढरी फुलं पडत होती. सिस्टरने विजूला एक चिठ्ठी दिली. आता गोळी गोवंडीला.

मुलुंडहून गोवंडी तसं फार लांब नाही, असं नकाशा पाहून कोणीही म्हणेल. रोज जाऊन पाहा. सकाळी निघायचं, वाहनं बदलायची, तिथल्या रांगेत उभं राहायचं. तिथली माणसं वाईट नव्हती, उलट त्यांनी विजूला प्रेमाने घेतलं. पण त्यांची स्वतःची रांगच मोठी, त्यात आमच्यासारख्या सोसायट्यांनी ढकललेले वेगवेगळ्या उपनगरांतले लोक. परत येईपर्यंत ऊन डोक्यावर. एसीच्या धंद्यात सकाळचे फोन हेच खरे फोन. बाहेरची कामं देणारा ठेकेदार म्हणाला, "विजू, पार्टी थांबत नाही रे. नवाला येणार असशील तर ये, नाहीतर राहू दे." विजूने एका दिवशी गोळी सोडून काम घेतलं. मग आणखी एका दिवशी. गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी अंग मोडतं, नाक गळतं, हाडांत कोणीतरी स्क्रू फिरवतं, असं तो सांगतो. तशा अंगाने कोणाच्या सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर उभं राहून दाखवावं. तो शेवटी पुलाखाली गेला. तिथे नवी सुई नव्हती. दुसऱ्याची होती.

केंद्र इथे होतं तोवर विजूची तपासणी ठरल्याप्रमाणे व्हायची आणि दर वेळी निगेटिव्ह यायची. केंद्र गेल्यानंतरची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली.

सोसायटीने माझ्या भावाला एचआयव्ही दिला, असं मी लिहिणार नाही. ते अचूक होणार नाही. मी फक्त आधीचं लिहिते, नंतरचं लिहिते आणि मध्ये काय बदललं ते लिहिते. याखेरीज आणखी काही बदललं होतं असं कोणाला वाटत असेल तर त्याने मला दाखवावं. मी मोकळ्या मनाने तपासून पाहीन. तो माझा धंदाच आहे.

निकाल कळला त्या दुपारी विजू माझ्याकडे आला होता. मी त्याला जेवायला वाढलं. त्याने भाताचं शीत न् शीत संपवलं आणि म्हणाला, "ताई, माझं ताट वेगळं ठेवणार का?" मी म्हटलं, "तुझं डोकं वेगळं ठेव आधी." तो हसला. मग मी ताट घासायला घेतलं आणि नळ मोठा सोडला.

आता तो एचआयव्हीच्या औषधांवर आहे आणि ठणठणीत आहे. त्याची रोज एक गोळी, आणि गोवंडीची जुनी गोळीही पुन्हा सुरू. वजन वाढलं आहे, पोट सुटलं आहे, मुलगी शोधा म्हणून नातेवाईक पुन्हा मागे लागले आहेत. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की त्याच्या रक्तातला विषाणू आता मोजता येणार नाही इतका कमी आहे. मोजता येत नाही म्हणजे शून्य नव्हे, हे मला धंद्याने ठाऊक आहे, म्हणून मी त्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, शून्य नाही, बरोबर आहे. पण औषध चालू राहून तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागत नाही. सुईबद्दल ते तसं म्हणाले नाहीत. म्हणून सुई लागलीच तर नवी हवी, आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर हवी. हे समजायला किती शिक्षण लागतं? मी शांतपणे विचारते आहे.

मला लोक म्हणतात, तुम्ही फार कडवट झालात. झाले. जे हवं आहे ते इतकं साधं आहे की ते नाकारणाऱ्याशी गोड बोलणं मला जमत नाही. केंद्र कामाच्या वेळेआधी उघडावं. ज्याची घडी बसली आहे त्याला काही दिवसांची गोळी घरी न्यायला मिळावी. सुयांचा साठा संपला, उद्या या, असं कोणी म्हणू नये. गोळ्यांचंही तसंच. प्रकाशसारख्यांचा पगार वेळेवर व्हावा. आणि हे सगळं जिथे माणसं राहतात तिथे असावं, जिथे कोणी आक्षेप घेणारं उरलेलं नाही तिथे नव्हे. यात दया कुठेच नाही. मला दया नको आहे, आणि विजूला तर तिचा वास आला तरी तो उठून जातो.

यंदा गोवंडीच्या त्या लोकांनी ठरवलं की एक गाडी रोज सकाळी मुलुंडला पाठवायची. आत सिस्टर, गोळ्या, सुया, तपासणी. महापालिकेची रीतसर परवानगी घेतली होती, जागा सातविणीखालची ठरली होती. त्यांचा तरुण व्यवस्थापक माझ्याकडे आला. अगदी सज्जन मुलगा. म्हणाला, "मॅडम, तुमच्या सोसायटीचं ना-हरकत पत्र मिळवून द्याल का?"

"ते कशाला हवं?"

"सहकार्य असलं की बरं पडतं."

"गाडी कुठे उभी राहणार? कंपाऊंडच्या आत?"

"नाही, बाहेर. रस्त्यावर."

"रस्ता कोणाचा?"

"महापालिकेचा."

"मग ज्यांचा रस्ता नाही त्यांची हरकत आहे की नाही, हे विचारता कशाला?"

आपल्याकडे हे असंच आहे. ज्याने गेट लावलं, वॉचमन ठेवला, पाटी लावली, तो गेटबाहेरच्या रस्त्याचाही मालक आहे असं सगळे धरून चालतात. मागच्या वेळी केंद्राच्या लोकांनी स्वतःहून सोसायटीत येऊन, पेढे वाटून, सगळ्यांना विश्वासात घेतलं होतं. विश्वासात घेतल्यामुळेच सगळ्यांना कळलं की आपण नाही म्हणू शकतो. मी त्याला म्हटलं, "बाळा, परवानगी खिशात ठेव आणि गाडी आण. कोणाला काही विचारू नकोस. पेढे तर अजिबात आणू नकोस."

परवा सकाळी गाडी आली. पांढरी, मध्यम, बाजूला पायरी आणि एक दार. ऊन अजून गल्लीत उतरलं नव्हतं. रात्रभर गळलेल्या सातविणीच्या फुलांचा खच पडला होता आणि गाडीची चाकं त्यावरून गेल्यावर तो वास दुप्पट झाला. वरच्या बाल्कन्यांतून हळूहळू मोबाइल बाहेर आले. मी खाली उभी होते. गाडीबाहेर एका स्टुलावर विजू बसला होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायाशी अवजारांची पिशवी. हातांवरचे जुने व्रण उघडे.

कर्णिककाका फिरायला जायच्या बुटांत आले, मागे दोघे-तिघे.

"ही गाडी कोणाच्या परवानगीने उभी आहे?"

"महापालिकेच्या," मी म्हटलं.

"सोसायटीला कळवलंय?"

"नाही."

"सोसायटीला विचारलं नाही?"

"नाही विचारलं."

असं उत्तर त्यांना बहुतेक कधी मिळालंच नव्हतं. ते विजूकडे वळले. "विजू, तू तरी सांग. तुला आम्ही घरचा समजत होतो. तुला हे शोभतं का? बोल की!"

विजूने फक्त तळहात वर केला. थांबा.

ही गोळी गिळायची नसते. सिस्टर ती चुरून जिभेखाली देते आणि ती विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं असतं. मध्ये बोललं तर ती वाया जाते. त्याला काही मिनिटं लागतात.

"अरे, बोल ना!"

विजूने पुन्हा हात केला आणि बंद तोंडाकडे बोट दाखवलं. कर्णिककाकांना काय करावं ते कळेना. निघून जावं तर हरल्यासारखं, आणि ओरडावं तर समोरचा माणूस औषध घेतोय आणि वरून त्यांच्याच सोसायटीचे सगळे मोबाइल बघतायत. म्हणून ते उभे राहिले. मागचे दोघे-तिघेही उभे राहिले.  एक फूल कर्णिककाकांच्या टोपीवर पडलं, ते त्यांनी झटकलं. सिस्टर पायरीवर उभी राहून विजूकडे पाहत होती, आणि मी कर्णिककाकांकडे. आमच्या अध्यक्षांना कोणासाठी थांबताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी सिस्टर खाली उतरली. "आ कर. जीभ वर. दुसरी बाजू." विजूने कर्णिककाकांच्या देखत तोंड पूर्ण उघडलं, जीभ वर केली, दोन्ही बाजूंना फिरवून दाखवली.

"झालं," सिस्टर म्हणाली. "उद्या ये."

विजूने पाण्याचा घोट घेतला, पिशवी खांद्याला लावली आणि उठला.

"हां, बोला काका," तो म्हणाला. "पण चालता चालता बोला. मला कामावर जायचंय."